परित्यक्त उद्योगभूमी आणि तेथील जीवसृष्टी

बंद पडलेल्या कारखान्याची जागा पडीक म्हणून निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणून निर्जीव, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. अशा जागी घरे बांधल्यास शेते व कुरणे वाचतात, हा युक्तिवाद मूलतः योग्यच होय; इंग्लंडच्या नियोजनधोरणातही वापरून सोडलेल्या जमिनीस प्राधान्य आहे. तथापि ती जमीन निर्जीव असते, हे त्यामागील गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे आहे.

टेम्स नदीच्या मुखाजवळील कॅनव्ही बेटावर 'कॅनव्ही विक' नावाची जागा आहे. मूळच्या दलदलीच्या कुरणावर नदीतळातून उपसलेली वाळू व गाळ पसरून तेथे तेलशुद्धीकरण कारखान्याची उभारणी आरंभिली गेली. १९७३ च्या तेलसंकटानंतर ती सोडून देण्यात आली. तेलाचा एक थेंबही तेथे शुद्ध झाला नाही. पुढील तीन दशकांत मात्र या जागेत अपृष्ठवंशी प्राण्यांच्या तेराशेहून अधिक जाती आढळल्या. २००५ साली तिला वैज्ञानिक महत्त्वाचे क्षेत्र म्हणून वैधानिक संरक्षण लाभले. मुख्यत्वे अपृष्ठवंशी प्राण्यांसाठी रक्षिलेली ही त्या देशातील पहिलीच परित्यक्त उद्योगभूमी होय.

या समृद्धीचे कारण जमिनीच्या दारिद्र्यात आहे. वाळूत पोषकद्रव्ये अल्प असल्याने उंच गवत माजत नाही आणि विविध रानफुलांना वाव मिळतो. उघडी वाळू उन्हाने लवकर तापते; बिळे करून राहणाऱ्या मधमाश्या व गांधीलमाश्या तेथे घरटी करतात. 'बॉम्बस सिल्व्हारम' ही दुर्मिळ भुंगेमाशी मात्र दाट गवताच्या बुंध्याशी घरटे करते आणि अन्नासाठी फुलांवर जाते. म्हणजे उघडी जमीन, फुले, गवत व झुडपे यांचे निकट सान्निध्य हाच येथील खरा अधिवास होय. यांपैकी एक घटक नाहीसा झाला, तरी त्यावर विसंबलेले जीव नाहीसे होतात.

यावरून पुनर्विकासाची काही तत्त्वे निष्पन्न होतात. पहिले, जागा साफ करण्यापूर्वी वसंतापासून शरदापर्यंत जीवगणना झाली पाहिजे. एकाच ऋतूतील पाहणी अपुरी ठरते. दुसरे, सुपीक माती पसरून वृक्ष लावणे हे येथे संवर्धन नव्हे. त्याने मूळ अधिवासच गाडला जातो. तिसरे, बांधकाम अटळ असेल तेथे अधिवासाचे काही अंश नव्या रचनेत राखता येतात. लंडनमधील डेप्टफर्ड येथील लाबान नृत्यकेंद्राच्या छपरावर विटामातीचा राडा मुद्दाम पसरला आहे, तो थिरथिरा पक्ष्यासाठी. या पक्ष्याची आशियाई उपजाती महाराष्ट्रात हिवाळी पाहुणी म्हणून परिचित आहे. मात्र छप्पर हे विस्तीर्ण भूमीचा पर्याय ठरत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये मोठ्या विकासप्रकल्पांना जैवविविधतेत १० टक्के वाढ करून ती ३० वर्षे टिकविण्याचे बंधन घालण्यात आले. हे मोजमाप आरंभीच्या नोंदीवर अवलंबून असते. नोंदीपूर्वीच जागा 'ओसाड' ठरविली, तर गमावलेल्या जीवांची गणती कधीच होत नाही.

जागा नुसती राखून सोडणेही पुरेसे नाही, कारण कालांतराने झुडपे उघडी जमीन व्यापतात. म्हणून कॅनव्ही विक येथे झुडपे तोडून जमीन पुन्हा मोकळी केली जाते. उद्योगाने नकळत केलेले कार्य तेथे आता जाणीवपूर्वक चालू ठेवावे लागत आहे.