पंच म्हणजे पाच, आणि दारू त्यातली फक्त एक

ज्यांना हेडफोन लावायला सवड मिळाली नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. आजचा विषय कॉकटेल. आधीच सांगून टाकतो, महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी कायद्याने वय २१ लागतं आणि बाकी दारूसाठी २५. तुम्ही त्याहून लहान असाल किंवा पीतच नसाल, तरी थांबा. आजची मुख्य रेसिपी तुमच्यासाठीसुद्धा आहे.

"शनिवारी घरी दहा जण येणारेत, काय बनवू?" हा प्रश्न मला सतत येतो. त्यावर कॉकटेलची यादी पाठवून उपयोग नसतो. यादीत अशा चार बाटल्या निघतात, ज्या कुणाच्याच घरात नसतात. म्हणून आज यादी नाही, हिशेब सांगतो.

आणि हा हिशेब आपल्याच किनाऱ्यावरचा आहे बरं का. १६७०च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर इकडे फिरत होता. शिवकाळातल्या जुन्नरबद्दल लिहिणारा तोच हा फ्रायर. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली छापलं गेलं. त्यात तो म्हणतो की गोव्यातल्या नेरूळची दारू सगळ्यात चांगली, आणि इंग्रज लोक तिच्यापासून एक पेय बनवतात. त्यात पाच जिन्नस पडतात म्हणून त्याचं नावच 'पाच'. आपण पार्टीत ज्याला पंच म्हणतो ना, ते हे. ही व्युत्पत्ती सगळ्या भाषातज्ज्ञांना मान्य नाही, पण हिशेब मात्र पक्का आहे: कडक, आंबट, गोड, पाणी आणि मसाला.

आता हा हिशेब कुठेही लावून बघा. मोहितो घ्या. पांढरी रम कडक, लिंबू आंबट, साखर गोड, सोडा म्हणजे पाणी आणि पुदिना मसाला. सध्या मुंबईच्या बारमध्ये जिकडेतिकडे दिसणारी पिकांते घ्या. टकीला, लिंबू, अगावेचा पाक, मिरची-कोथिंबीर आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी. झाले पाच!

गोव्यात तर हे कुणी शिकवतही नाही. मार्च ते मे हा काजूचा हंगाम. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की उर्राक मिळते आणि पुढच्या ऊर्ध्वपातनात फेणी. उर्राक साधारण १५ टक्क्यांची, फेणी ४० च्या पुढची. भर उन्हाळ्यात तिथे उर्राकमध्ये लिमका, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची टाकतात. पुन्हा तेच पाच. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा वास उग्र असतो, त्यामुळे पहिल्यांदा पिणाऱ्याला ती थेट देऊ नका. आधी उर्राकशी ओळख करून द्या.

आता आवडीनुसार बदल कसा करायचा ते बघू.

आंबट आवडणाऱ्यांसाठी कोकम. गोव्यात बनणाऱ्या ग्रेटर दॅन किंवा स्ट्रेंजर अँड सन्ससारख्या जिन आता सहज मिळतात. ३० मिली जिन, ३० मिली कोकम सरबताचा पाक, थोडं लिंबू, वर सोडा आणि चिमूटभर जिरेपूड. फक्त एक लक्षात ठेवा, कोकम सरबताचा पाक वेगळा आणि आगळ वेगळं. आगळ खारट असतं. ते सोलकढीचं सामान आहे, इथे ओतलंत तर ग्लास फुकट जाईल.

गोड कमी हवं असेल तर पाक निम्मा करा आणि आल्याचा रस घाला. तिखट हवं असेल तर मिरची. पावसाळी संध्याकाळ असेल तर सोड्याऐवजी गरम पाणी, लिंबाऐवजी संत्रं आणि मसाल्याला दालचिनी-लवंग. रम त्यात छान लागते.

आणि आता ते शनिवारचे दहा जण. वाटी साधारण १५० मिलीची धरा. मोठ्या भांड्यात एक वाटी लिंबाचा रस, दीड वाटी साखरेचा पाक आणि पाच वाट्या गार केलेला बिनदुधाचा चहा घ्या. चहा जरा कडकच करा. वरून जायफळ किसा. श्रीखंडासाठी आणलेलं घरात असतंच. भांडं फ्रिजमध्ये ठेवा.

रम कुठे गेली? रम या भांड्यात घालायचीच नाही. पाचातले चार भांड्यात, पाचवं ग्लासात. ज्याला हवी त्याच्या ग्लासात मोजून ३० मिली, ज्याला नको त्याच्या ग्लासात आल्याचा रस एक चमचा. हा माझ्या घरचा नियम आहे आणि आजच्या भागात सांगायची खरी गोष्ट हीच.

एरवी काय होतं? पिणाऱ्यांसाठी सजवलेले ग्लास, पुदिना, बर्फ, सगळा थाट. न पिणाऱ्याच्या हातात कोल्ड्रिंकचा प्लॅस्टिकचा कप. मग रात्रभर "अरे, एक घे ना" चालू. त्याला गाडी चालवायची असेल, औषध चालू असेल, उपास असेल, किंवा नुसतंच नको असेल. कारण सांगायची वेळ त्याच्यावर का यावी? सगळ्यांचा पंच एकाच भांड्यातून आला की कुणाच्या ग्लासात काय आहे हे कुणाला दिसतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, दारूशिवाय ते नुसतं सरबत नाही का होणार? त्यासाठीच तर चहा आणि आलं. दारू घशाला चटका देते, म्हणून आपण घोट घोट पितो. सरबत मात्र दोन मिनिटांत संपतं. चहाचा तुरटपणा आणि आल्याची झणझण ते काम करतात, आणि ग्लास अर्धा तास हातात राहतो. सध्या झिरो-प्रूफ म्हणून जे गाजतंय ना, त्यातली मेख हीच.

मोजून घालण्याचा दुसरा फायदाही सांगतो. आपल्याकडची व्हिस्की-रम बहुधा ४२.८ टक्क्यांची असते. म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १३ मिली शुद्ध अल्कोहोल. आता ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली घ्या. त्यात ५२ मिली. म्हणजे "मी फक्त एक बिअर घेतली" म्हणणाऱ्याने चार छोटे पेग घेतलेले असतात! लाँग आयलंड आइस्ड टीचंही तसंच. नावात चहा, पण ग्लासात पाच प्रकारची दारू.

गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम. ती ओलांडली तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लिंबू चोखून, कॉफी पिऊन रक्तातलं प्रमाण उतरत नाही. त्याला तासन्‌तास जावे लागतात. म्हणून चावी हातात असलेल्याचा ग्लास चार जिन्नसांचाच.

तर मंडळी, या शनिवारी भांडं भरा, जायफळ किसा आणि बाटली बाजूला ठेवा. तुमच्या घरी पाचवा जिन्नस म्हणून काय चालतं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!