बेरजेच्या पलीकडचं प्रॅक्टिकल

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला सिस्टम प्रोग्रॅमिंगच्या प्रयोगांत एक प्रयोग असे. कोणत्याही गणिती क्रियेसाठी डायनॅमिक लिंक लायब्ररी तयार करा आणि ती तपासून पाहणारा प्रोग्रॅम लिहा. त्यासाठी जावा नेटिव्ह इंटरफेस वापरा, नाहीतर व्हीबी किंवा व्हीसी. संगमनेर, लोणी, कोपरगाव, विळद घाट इथली आपल्या जिल्ह्यातली जुनी कॉलेजं याच विद्यापीठाची, त्यामुळे हा प्रयोग इथल्या कितीतरी मुलांच्या हाताखालून गेला. 'कोणतीही गणिती क्रिया' म्हटलं की मुलं बेरीज निवडतात. दोन आकडे डीएलएलकडे पाठवायचे, एक आकडा परत घ्यायचा, आउटपुट जर्नलला लावायचं आणि सही घ्यायची.

बेरजेला माझा आक्षेप नाही. पण दोन सुटे आकडे पलीकडे जाताना त्यांची नक्कल जाते, आणि नक्कल गेली की दोन्ही बाजूंचा एकमेकांशी संबंध संपतो. इंटरप्रिटरवर चालणारी एक भाषा आणि आधीच कंपाईल झालेला दुसरा कोड, दोघं एकाच व्हेरिएबलवर काम करायला लागले की खरे प्रश्न पडतात. ती जागा कोणाची? ती हलवायचा अधिकार कोणाला? आणि काम झाल्यावर ती मोकळी कोण करणार? गेल्या चाळीस वर्षांत या प्रश्नांना मिळालेली उत्तरं बघायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या लॅबमध्ये त्यातली बहुतेक येऊन गेली आहेत.

१९८३ साली राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि वर नाव घेतलेली कॉलेजं त्याच वर्षी उभी राहिली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हा संगणक पोचला. त्याच्या बेसिक भाषेत एक फार साधी सोय होती. ए% पासून झेड% पर्यंतच्या इन्टिजर व्हेरिएबल्सना मेमरीत कायमची ठरलेली जागा होती. मशीन कोडला ती आधीपासून माहीत, त्यामुळे विचारपूस करायचं कारणच नाही. शिवाय 'कॉल' दिला की ए%, एक्स% आणि वाय% मधल्या किमती थेट प्रोसेसरच्या त्याच नावाच्या रजिस्टरांत जात. इतकी उघडी आणि इतकी निर्धोक वाटणी नंतर क्वचितच पाहायला मिळाली. अर्थात सव्वीस अक्षरं संपली की सोयही संपली.

डॉसच्या पीसीवर जीडब्ल्यू-बेसिक आलं तेव्हा ही शांतता गेली. तिथे 'व्हारपीटीआर' या फंक्शनने व्हेरिएबलचा पत्ता मिळे. पण साधी व्हेरिएबल्स मेमरीत आधी आणि ॲरे त्यांच्या मागे, अशी मांडणी होती. प्रोग्रॅममध्ये एखादं नवं साधं व्हेरिएबल पहिल्यांदा वापरलं की त्याला जागा करून देण्यासाठी मागचे सगळे ॲरे पुढे सरकत. आधी घेऊन ठेवलेला पत्ता त्याच क्षणी शिळा होई. म्हणून मॅन्युअलच सांगे की ॲरेचा पत्ता विचारण्याआधी सगळ्या साध्या व्हेरिएबल्सना किमती देऊन टाका. ज्यानं ते वाचलं नव्हतं त्याचा प्रोग्रॅम नीट चालता चालता एक नवा काउंटर घेतला म्हणून बिघडे, आणि त्या बिचाऱ्या काउंटरचा दोष काहीच नसे.

व्हीबीचा काळ पुष्कळांना आठवत असेल. १९९८चं व्हीबी सिक्स, सीमध्ये लिहिलेली डीएलएल आणि वर 'डिक्लेअर'ची एक ओळ. त्या ओळीत 'बायव्हॅल' लिहायचं राहिलं तर व्हीबी आकड्याऐवजी त्या आकड्याचा पत्ता पाठवी, कारण तीच त्याची मूळ सवय. मग दोन आणि तीन यांची बेरीज भलत्याच लांबलचक संख्येत येई, कारण बेरीज पत्त्यांची झालेली असे. व्हीबीचा 'इन्टिजर' सोळा बिटांचा, सीचा 'इंट' बत्तीस बिटांचा, तिथेही घोळ. कॉलिंग कन्व्हेन्शन जुळली नाही की एरर नंबर ४९. मला वाटतं, बेरजेच्या या प्रयोगात शिकण्यासारखं जे होतं ते ज्यांचा प्रयोग चुकला त्यांच्याच पदरात पडलं. पहिल्या झटक्यात उत्तर पाच आलेल्या मुलाला पलीकडे पत्ता जातो की किंमत, हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं.

याच व्हीबीत ॲरेचा पहिला घटक पत्त्यानं पाठवला की सीला आख्खा ॲरे मिळे, नक्कल न होता. फक्त त्याची लांबी सीला कळत नसे. एक घर पुढे लिहिलं की व्हीबी खिडकीसकट बंद पडे आणि सेव्ह न केलेला कोड सोबत घेऊन जाई.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत शिकवून गेलेलं साधन अभ्यासक्रमातल्या कुठल्या प्रॅक्टिकलचं नव्हतं. ते एमईच्या प्रकल्पांतून लॅबमध्ये शिरलं. नेटवर्क सिम्युलेटर, म्हणजे एनएस-२. मोबाईल ॲडहॉक नेटवर्क, एओडीव्ही प्रोटोकॉलमध्ये थोडा बदल, मग आलेख, असा विषय घेतलेले प्रबंध राज्यातल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत सहज सापडतात. अमेरिकेत बर्कली, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा, झेरॉक्स पार्क आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची आयएसआय यांच्या 'व्हिंट' प्रकल्पात घडलेलं हे साधन दोन भाषांवर उभं होतं. पॅकेटांची धावपळ सी प्लस प्लसमध्ये, कारण ती वेगानं व्हायला हवी. नोड किती, बँडविड्थ किती, सिम्युलेशन कधी थांबवायचं हे सगळं ओटीसीएल या स्क्रिप्टमध्ये, कारण ते दर वेळी बदलणार आणि प्रत्येक बदलाला पुन्हा कंपाईल करत बसणं कोणाला परवडणार? त्या वर्षांतलं आपल्याकडचं भारनियमन धरलं तर मुळीच नाही.

दोन भाषांना जोडणारा दुवा होता 'बाईंड'. सी प्लस प्लसच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एक ओळ लिहायची: स्क्रिप्टमधलं अमुक नाव आणि आपलं तमुक मेंबर व्हेरिएबल यांना बांध. त्यानंतर स्क्रिप्टमध्ये पॅकेटचा आकार बदलला की सी प्लस प्लसमध्ये बदलला, आणि उलटही तसंच. एकाच वस्तूची दोन रूपं दोन भाषांत जन्माला येत आणि ही व्हेरिएबल्स त्यांना एकत्र धरून ठेवत. मुळातल्या टीसीएलमध्ये सीचं व्हेरिएबल स्क्रिप्टशी जोडायची सोय आधीपासून होतीच. एनएस-२ नं ती वस्तूंच्या पातळीवर नेली. इथे पत्ता कोणी मागत नाही, प्रत कोणी पाठवत नाही. नाव सांगायचं, बाकीचं यंत्रणा सांभाळते.

पण नाव सांगायचं म्हणजे दोन ठिकाणी सांगायचं. नवा प्रोटोकॉल लिहिणाऱ्या मुलानं 'बाईंड' केलं आणि 'एनएस-डिफॉल्ट' या टीसीएल फाइलमध्ये त्या व्हेरिएबलची मूळ किंमत लिहायला विसरला की टर्मिनलवर सूचना येई: अमुक नावाचं क्लास व्हेरिएबल नाही. सिम्युलेशन मात्र पुढे चालू राही. आलेखही निघे. प्रबंधात जाऊन बसलेल्या किती आलेखांच्या मुळाशी अशी न वाचलेली सूचना असेल, देव जाणे.

त्याहून गमतीची गोष्ट एककांची. बँडविड्थचं व्हेरिएबल वेगळ्या जातीचं, वेळेचं वेगळ्या जातीचं. बँडविड्थमध्ये '१.५ एम' लिहिलं की त्यातला एम मेगा. वेळेमध्ये '१५०० एम' लिहिलं की तोच एम मिली, म्हणजे दीड सेकंद. एकाच अक्षराच्या दोन अर्थांत अब्जपटीचं अंतर, आणि ते ठरवणार सी प्लस प्लसच्या बाजूला कोणता 'बाईंड' वापरलाय ते. स्क्रिप्टमध्ये नुसता आकडा दिसतो. तो कशाचा, ते पलीकडे लिहिलेलं. जागा सामाईक झाली म्हणून अर्थ सामाईक होत नाही, हे वर्गात समजावणं अवघड आहे. एनएस-२ ते एका अक्षरात दाखवून देई.

एनएस-२ची शेवटची ठळक आवृत्ती, २.३५, नोव्हेंबर २०११मध्ये आली. नव्या उबुंटूवरच्या नव्या कंपायलरला तिच्या 'एलएस.एच' फाइलमधली १३७वी ओळ पटत नसे आणि तिथे 'धिस' घालावं लागे. ही दुरुस्ती कॉलेजाकॉलेजांत सीनियरकडून ज्युनियरकडे जात राहिली. तोवर एनएस-३ सुरू झालं होतं. त्यानं ओटीसीएल सोडून दिलं, सिम्युलेशनसुद्धा सी प्लस प्लसमध्येच लिहायची मुभा दिली आणि पायथन ऐच्छिक ठेवलं. सीमेवरचे घोळ टाळायला सीमाच पुसून टाकायची, असं हे उत्तर. चुकीचं नाही, पण मला ते थोडं पळपुटं वाटतं.

ही सीमा राखणारं एक उदाहरण जवळच आहे. संगमनेरहून नाशिक-पुणे रस्त्यानं निघालं की आळेफाट्यानंतर नारायणगाव येतं आणि तिथून जवळ खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर. रेडिओ खगोलशास्त्रासाठी 'एप्स प्लस प्लस' ही प्रणाली उभारणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटात ही दुर्बीण चालवणारी एनसीआरए ही संस्थाही होती. तिचा गाभा सी प्लस प्लसचा आणि वरची स्क्रिप्ट 'ग्लिश' नावाच्या भाषेतली. ग्लिशमध्ये किमती एका प्रोसेसकडून दुसरीकडे संदेश म्हणून जात, म्हणजे पुन्हा नक्कलच. पुढे 'कासा' या नावानं ही प्रणाली आली तेव्हा गाभा राहिला आणि ग्लिशच्या जागी पायथन बसलं. जीएमआरटीच्या निरीक्षणांवर आज जे काम होतं त्यातलं बरंचसं या पायथनमधून चालतं.

जावाकडे मी फार वेळ थांबणार नाही. १९९७पासूनच्या जेएनआयमध्ये सीनं ॲरेचे घटक मागितले की जावा एकतर तीच जागा देतं, नाहीतर प्रत. कोणतं दिलं ते विचारलं तर सांगतं. काम झाल्यावर 'रिलीज' करायचं. प्रत मिळालेली असेल आणि रिलीज विसरलं तर सीनं केलेले बदल जावापर्यंत पोचतच नाहीत. बेरीज करणाऱ्या मुलाला मागण्याच्या आणि सोडण्याच्या या दोन फंक्शनांचं तोंडही पाहावं लागलं नाही.

पायथननं चित्र बदललं ते ॲरेमुळे. जिम ह्युगुनिन यांचं 'न्यूमरिक', मग २००६चं नमपाय १.०, त्याच वर्षी पायथन २.५ बरोबर आलेलं सीटाइप्स, आणि २००८ला बफर प्रोटोकॉल. यातून ॲरे नक्कल न करता सीकडे देणं रोजचं काम झालं. मुंबईच्या आयआयटीतले एरोस्पेसचे प्राध्यापक प्रभु रामचंद्रन यांचं 'मायावी' हे त्रिमितीय चित्रणाचं साधन यासाठी उघडून पाहावं असं आहे. त्यातला 'टीव्हीटीके' हा भाग नमपायचा ॲरे सी प्लस प्लसमधल्या व्हीटीके या लायब्ररीला तसाच वापरायला देतो. पण मूळ ॲरेचं नाव पायथनमध्ये उरलं नाही तर पायथन ती जागा मोकळी करणार आणि व्हीटीके हवेत हात मारणार. म्हणून टीव्हीटीके एक नोंदवही ठेवतं. व्हीटीकेच्या वस्तूचा पत्ता आणि त्यासमोर नमपायचा ॲरे. व्हीटीकेकडून आपली वस्तू गेल्याचा निरोप आला की मगच ती नोंद खोडायची. सामाईक विहिरीचा हिस्सा सातबाऱ्यावर नोंदवावा तसं हे आहे. नोंद असेपर्यंत कोणी एकट्यानं विहीर बुजवू शकत नाही.

ही नोंद नसेल तर काय होतं ते दाखवायला दोन ओळी पुरतात. नमपायचे दोन ॲरे घ्या, त्यांची बेरीज करा, तिला नाव न देता फक्त तिचा पत्ता आकडा म्हणून घ्या आणि पुढच्या ओळीत तो सीला द्या. बेरजेचा ॲरे तोवर मोकळा झालेला असतो. कधी उत्तर बरोबर येतं, कधी कचरा येतो, कधी प्रोग्रॅम पडतो. नमपायच्या दस्तऐवजात ही ताकीद आहे. तिसऱ्या वर्षाच्या प्रयोगात गणिती क्रिया बेरीजच ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, पण ती अशी असू दे. मग व्हायव्हात एक्स्टर्नलला विचारायला काहीतरी मिळेल. दुसरा प्रश्न ट्रान्सपोज केलेल्या ॲरेचा असावा. नमपाय तिथे आकडे हलवत नाही, फक्त ते कोणत्या क्रमानं वाचायचे ते बदलतं. पत्ता घेऊन सरळ वाचत जाणाऱ्या सीला याची खबरच नसते.

मार्च २०२४मध्ये आलेल्या जावा २२ नं 'अरेना' ही कल्पना पक्की केली. जागा अरेनात घ्यायची, अरेना बंद झाला की ती गेली, आणि त्यानंतर जावातून कोणी हात लावला तर मशीन न पडता एक्सेप्शन येतं. जागा मोकळी कोण करणार, या तिसऱ्या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उत्तर याआधी जावाकडे नव्हतं.

आता चौथा प्रश्न आला आहे: दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर? पायथनमध्ये जीआयएल नावाचं एक मोठं कुलूप होतं, म्हणून आजवर हा प्रश्न बराचसा झाकलेला राहिला. बराचसाच, कारण सीटाइप्समधून साध्या पद्धतीनं सीचं फंक्शन बोलावलं की ते कुलूप तेवढ्यापुरतं उघडतं आणि सी ॲरेवर काम करत असताना दुसरा पायथन थ्रेड त्याच ॲरेत लिहू शकतो. ऑक्टोबर २०२४च्या पायथन ३.१३ मध्ये कुलूप नसलेली आवृत्ती प्रायोगिक म्हणून आली, ३.१४ मध्ये तिला अधिकृत आधार मिळाला. तिच्यात सीमध्ये लिहिलेलं मॉड्यूल आणलं आणि 'मला कुलपाची गरज नाही' असं त्या मॉड्यूलनं स्वतः जाहीर केलेलं नसलं, तर पायथन कुलूप पुन्हा लावतं आणि टर्मिनलवर तशी एक सूचना छापतं. प्रोग्रॅम मात्र थांबत नाही.