गॅसबत्तीच्या उजेडातली रामलीला : रामनगरच्या बालकलाकारांची परंपरा

महाराष्ट्रात अनंत चतुर्दशीला गणरायाला निरोप दिला जातो, त्याच दिवशी वाराणसीजवळच्या रामनगरमध्ये रामलीलेला प्रारंभ होतो. गंगेच्या पूर्व तीरावरील या गावात पुढे जवळजवळ महिनाभर, आश्विन पौर्णिमेच्या सुमारापर्यंत, रोज सायंकाळी रामकथेचा एकेक प्रसंग सादर होतो. उत्तर भारतात शेकडो ठिकाणी रामलीला होतात. मात्र ध्वनिक्षेपक आणि विजेचे दिवे कटाक्षाने दूर ठेवणारी रामनगरची लीला त्या सर्वांत वेगळी मानली जाते. या सोहळ्याचा मुख्य भार आठ ते चौदा वर्षे वयाच्या पाच मुलांच्या खांद्यावर असतो.

राजाश्रयातून उभी राहिलेली लीला

तुलसीदासांनी इ. स. 1574 मध्ये अयोध्येत ‘रामचरितमानस’ रचण्यास आरंभ केला आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ काशीत गेला. त्याच्या आदल्याच वर्षी संत एकनाथांचे ‘एकनाथी भागवत’ याच काशीत पूर्ण झाले होते. लोकभाषेत सांगितलेली रामकथा काशीत घरोघरी पोहोचली आणि तिच्या आधारे रामलीलेची परंपरा रुजली.

रामनगरच्या लीलेला आजचे भव्य रूप मिळाले ते एकोणिसाव्या शतकात. काशीनरेश उदितनारायण सिंह यांच्या काळात तिचा विस्तार झाला. त्यांचे उत्तराधिकारी ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी संवादांची नव्याने जुळणी करून घेतली आणि या कामात भारतेंदु हरिश्चंद्र यांच्यासारख्या साहित्यिकांचा सहभाग होता. 1949 मध्ये बनारस संस्थान विलीन झाले, तरी लीलेतील काशीनरेशांचा मान कायम राहिला. आजही राजघराण्याचे प्रमुख हत्तीवरून लीलास्थळी येतात, तेव्हा जनसमुदाय ‘हर हर महादेव’चा गजर करतो.

पाच मुले, पाच स्वरूपे

राम, लक्ष्मण, भरत, शत्रुघ्न आणि सीता या पाच भूमिका करणाऱ्या मुलांना ‘स्वरूप’ म्हणतात. परंपरेनुसार ही मुले ब्राह्मण कुटुंबांतून निवडली जातात, आणि सीतेची भूमिकाही मुलगाच करतो. निवडीत रूपाइतकेच महत्त्व आवाजाला असते. वयात येताना आवाज फुटला की त्या मुलाची स्वरूपाची कारकीर्द संपते. त्यामुळे दर काही वर्षांनी नव्या मुलांचा शोध घेऊन त्यांना मुळापासून तयार करावे लागते.

लीलेच्या बऱ्याच आधीपासून ही मुले धर्मशाळेत एकत्र राहतात. ‘व्यास’ म्हणजे लीलेचे सूत्रधार त्यांच्याकडून संवाद पाठ करून घेतात. वाक्यातील प्रत्येक शब्द ओढून, उंच स्वरात उच्चारण्याची एक ठरावीक पद्धत आहे. कानाला ती प्रथम विचित्र वाटते, परंतु हजारोंच्या समुदायात ध्वनिक्षेपकाविना शब्द पोहोचवण्याचा तोच मार्ग आहे.

मुखावर चंदनाचा लेप आणि चमकत्या टिकल्यांची सजावट झाली, मस्तकी मुकुट चढला, की ते मूल भाविकांच्या दृष्टीने साक्षात देव होते. लोक त्याच्या पाया पडतात. अनेकदा स्वरूपांना खांद्यावरून नेले जाते.

मुलांनी पवित्र कथा साकारण्याची प्रथा इतर धर्मांतही आढळते. संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतील ग्रेचो येथे येशूजन्माचा देखावा उभारला. आज वसई-गोव्यात नाताळचे गोठे सजतात आणि शाळांतून मुले मरिया, योसेफ व मेंढपाळ होतात. तेथे मूल भूमिका करते, तर रामनगरात त्याची पूजाही होते. हा फरक महत्त्वाचा आहे.

अंधारच सजावटीचा भाग

या लीलेला एकच रंगमंच नाही. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, अशोकवाटिका, लंका अशी स्थळे रामनगरच्या परिसरात दूरदूर पसरलेली आहेत. प्रसंग बदलला की पात्रांबरोबर प्रेक्षकही चालत पुढील स्थळी जातात. राम वनवासाला निघतो, तेव्हा नगरजनांप्रमाणे लोक त्याच्यामागून चालू लागतात.

एका टोकाला बारा रामायणी ‘मानस’मधील चौपाया व दोहे गातात. त्यानंतर दुसऱ्या टोकाला पात्रांचे संवाद होतात. संवादापूर्वी व्यासांकडून ‘चुप रहो, सावधान’ अशी हाक येते आणि गर्दी शांत होते. उजेड असतो तो गॅसबत्त्यांचा आणि मशालींचा. दिवसाच्या शेवटी आरतीच्या वेळी चंद्रज्योती पेटवतात. त्यांच्या लाल-पांढऱ्या प्रकाशात स्वरूपे क्षणभर मूर्तीसारखी निश्चल दिसतात. एरवी विजेचा झगमगाट नसल्यामुळेच या क्षणाचा प्रभाव पडतो.

दररोज न चुकता येणाऱ्या प्रेक्षकांना ‘नेमी’ म्हणतात. हातात काठी, काखेत ‘मानस’ची पोथी आणि अंगाला अत्तर, अशा थाटात ते येतात आणि गॅसबत्तीच्या उजेडात पोथीवर बोट ठेवून ओळी जुळवतात. रावणाचे भव्य पुतळे आणि आतषबाजी घडवण्याच्या कामी मुस्लिम कारागिरांचाही हात असतो. दसऱ्याला मात्र काशीनरेश रावणवधापूर्वीच परततात, कारण एका राजाने दुसऱ्या राजाचा वध पाहू नये, असा संकेत आहे.

पुढे काय

1970च्या दशकात रिचर्ड शेकनर आणि लिंडा हेस या अमेरिकी अभ्यासकांनी या लीलेची तपशीलवार नोंद केली. युनेस्कोने 2005 मध्ये रामलीलेचा गौरव केला आणि 2008 मध्ये तिचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत झाला.

तरीही खरी चिंता वेगळी आहे. लीलास्थळांभोवती वस्ती वाढली आहे. शाळा व अभ्यास बाजूला ठेवून कित्येक आठवडे मूल देणे पालकांना सोपे नाही. कोरोनाच्या साथीमुळे 2020 आणि 2021 मध्ये लीला झाली नाही. ती 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. दोन वर्षांचा हा खंड मोठ्यांना भरून काढता येतो. परंतु ज्या मुलाचा आवाज त्या काळात फुटला, त्याची संधी कायमची हुकते. म्हणूनच स्थळे आणि मुकुट जपण्याबरोबरच मुलांना शिकवणाऱ्या व्यासांची परंपरा टिकणे तितकेच आवश्यक आहे.

राज्याभिषेकानंतरची पहाटेची आरती हा लीलेचा सर्वोच्च क्षण मानला जातो. ती पाहण्यासाठी भाविक रात्रभर जागतात. अखेरीस स्वरूपांना किल्ल्यात बोलावले जाते. तेथे राजा स्वतः त्यांचे पाय धुतो, त्यांना भोजन देतो आणि निरोप देतो. त्यानंतर मुकुट उतरतात आणि मुले आपापल्या घरी व शाळेत परततात.