शंख दडविणारा सागरी ससा

ओहोटीच्या वेळी खडकांतील डबक्यात शेवाळ खाणारा एक मऊ प्राणी दिसतो. डोक्यावरील शृंगिकांची मागील जोडी सशाच्या कानांसारखी असल्याने त्यास ‘सागरी ससा’ म्हणतात. ॲप्लिसिया ही त्याची प्रजाती लिनीयस यांनी १७६७ मध्ये स्थापिली. भारताच्या किनाऱ्यांवरही तिच्या जाती आढळतात.

बाह्यरूपावरून हा प्राणी शंखहीन भासतो. परंतु पाठीवरील प्रावाराखाली पातळ शंख दडलेला असतो, त्याखाली उजवीकडे कल्ला असतो आणि जठरात शेवाळ भरडणारे कठीण दाते असतात. या अंतर्रचनेवरूनच तो गोगलगायींचा आप्त, म्हणजे मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील, ठरतो.

त्याच्या शरीरात सुमारे २०,००० तंत्रिका कोशिका असून काही नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. स्पर्श होताच कल्ला आखडून घेण्याच्या त्याच्या साध्या क्रियेवरून एरिक कँडेल यांनी स्मृती कशी साठते याचा उलगडा केला. त्यांना २००० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

डिवचल्यास हा प्राणी जांभळा स्राव सोडतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस तो अवश्य दाखवावा. मात्र डबक्यातच राहू द्यावा.