टोप उघडण्याआधी

नामपूरला होडीची मोटार दुरुस्तीला येते म्हटलं की बाहेरचा माणूस हसतो. मोसम नदी गावाला लागून आहे खरी, पण ऐन उन्हाळ्यात तिच्या पात्रात म्हशीचं पोट भिजायची मारामार. होड्या चालतात त्या लांब, गिरणा धरणाच्या फुगवट्यात. तरीही एखादी जुनी आउटबोर्ड मोटार पिकअपमध्ये आडवी होऊन, कांद्याच्या ट्रॅक्टरांतून वाट काढत आमच्या गॅरेजपर्यंत पोचते. कारण सरळ आहे: इथं विहिरीवरचे पंप आणि डाळिंबाच्या बागेतले टू-स्ट्रोक फवारे उघडायची सवय असलेले हात आहेत.

‘भाऊ, हाई मोटार जास्तीच बोंबली राह्यनी!’ एवढंच निदान गिऱ्हाईक सोबत आणतं. पुढचं सगळं कानावर.

दोरीला हात लावायचा नाही

पिकअपमधून उतरवताच मालक हौसेनं स्टार्टरची दोरी धरतो: ‘पाच सेकंद ऐकवतो ना!’ तिथंच हात धरावा लागतो. या मोटारीला थंड ठेवणारं पाणी नदीतूनच येतं. ते ओढणारा रबरी इम्पेलर खालच्या पायात असतो आणि पाण्यावाचून फिरला की त्याच्या पात्या थोडक्या वेळात जळतात. विहिरीतली पाणबुडी मोटार कोरडी चालवून ज्यानं हात पोळून घेतलेत, त्याला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

म्हणून आधी दोनशे लिटरचं पिंप भरायचं, पाय त्यात बुडवायचा, गिअर न्यूट्रलला आणि मगच दोरी. पहिली नजर मागच्या भोकातून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर. धार नसेल तर लगेच बंद. आणि धंद्यातली एक गोष्ट गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही: पिंपातला निम्मा आवाज पिंपाचाच असतो. तो वजा करायला शिकलं पाहिजे.

दोन मुठींचा आवाज

एक मोटार इतकी खडखडायची की मालकानं पिस्टन बदलायची तयारी करून पैसे आणले होते. पिंपात मात्र ती बरी चालली. मग होडीकडं जाऊन पाहिलं. मागच्या फळीला मोटार आवळणारे दोन हातस्क्रू ढिले, फळी कुजून पिचकलेली आणि मोटारीखालचे रबर ऊन-तेलानं दगड झालेले. इंजिन निर्दोष, वाजत होती ती अख्खी होडी. फळीला नवा लाकडी तुकडा, नवे रबर, स्क्रू आवळले आणि धरणावरची माणसं एकमेकांशी न ओरडता बोलू लागली.

तेव्हापासून आमचा क्रम पक्का आहे: बाहेरून आत. आधी फळी, मग पाण्यातला पंखा, मग खालचा गिअर, आणि इंजिनावरचा टोप सगळ्यात शेवटी. लांब पेचकसाचं टोक जागोजागी टेकवून मूठ कानाला लावायची. आवाज कुठून येतो ते कळल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

स्कूटरचं तेल

जुन्या टू-स्ट्रोक मोटारी पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालतात. बऱ्याच मोटारींना लिटरमागं वीस मिली पुरतं. पण ‘थोडं जास्त घातलं तर इंजिन जास्त जगेल’ हा समज स्कूटरच्या जमान्यापासून जात नाही. जास्त तेलानं प्लग काळा, ओला होतो, दोनातलं एक सिलिंडर मुकं पडतं आणि मोटार लंगडत थरथरते. त्यातही तेल स्कूटरचंच! पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनासाठी टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं, राख न धरणारं तेल लागतं. दुसऱ्या तेलानं पिस्टनवर काजळी साचते, रिंगा चिकटतात आणि जोर देताच आतून टकटक सुरू होते.

आता इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल जुन्या नळ्यांचं रबर सैल करतं आणि हवेतली ओल ओढतं. कार्ब्युरेटरची बारीक वाट बुजली की पेट्रोल कमी, म्हणजे त्यातून जाणारं तेलही कमी. मग पुन्हा तीच टकटक. ती ऐकूनही जो मोटार पळवत राहतो, तो पिस्टन वितळवून परत येतो.

खिळ्याची करामत

छोट्या मोटारीत पंखा आणि दांडा यांच्यामध्ये मऊ धातूची एक पिन असते. दगड लागला की तिनं तुटायचं आणि गिअरला वाचवायचं, एवढंच तिचं काम. तुटली की इंजिन किंचाळतं, होडी मात्र जागची हलत नाही. एका बहाद्दरानं तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकला. पुढचा दगड लागला तेव्हा खिळा शाबूत राहिला, गिअरचे दात गेले. ऑगस्ट २०२४मध्ये मालेगावजवळ गिरणेच्या पुरात अडकलेल्यांना शेवटी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं होतं. असल्या पाण्यात पंखा थांबणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं तो टोपाखाली दोन जादा पिना चिकटवून ठेवतो.

खालून घरघर आली तर पंखा काढून बघायचा. मागं जाळ्याचा नायलॉन धागा गुंडाळलेला सापडतो. त्यानं सील कापलेलं असतं. गिअरचं तेल दूध घातलेल्या चहासारखं निघालं की पाणी आत शिरलंय, आता बेरिंगची वेळ.

बिलाचा प्रश्न

आता खरी आतली गोष्ट. दोन स्क्रू आवळून आवाज गेला, तर पैसे द्यायला गिऱ्हाइकाचा हात खिशात जात नाही. म्हणून कित्येक मिस्त्री गरज नसताना टोप उघडून अर्धा तास पुसापुशी करतात. घाम दिसला की बिल पटतं.

उलटही घडतं. जुनी टू-स्ट्रोक कमी वेगावर थोडी खडखडणारच. जोर दिला की ती खडखड विरते. तिथं ‘काही झालेलं नाही, घेऊन जा’ म्हणणं हीसुद्धा दुरुस्तीच. आउटबोर्ड मोटारींतलं इव्हिनरूडसारखं १९०९पासूनचं नाव २०२०मध्ये बंद झालं. जुन्या मोटारींचे सुटे भाग आता शोधत फिरावे लागतात. अशा वेळी धडधाकट इंजिन उगाच न खोलणारा मिस्त्री मालकाचे सगळ्यात जास्त पैसे वाचवतो. फक्त त्याचं बिल लिहायला अजून कुठल्या पावतीपुस्तकात रकाना नाही.