पणजोबांची सनद आणि बँकेची जप्ती

अमेरिकेत सरकारी जमीन पहिल्यांदा खासगी माणसाच्या नावावर झाली की त्याला एक सनद मिळत असे. तिला म्हणतात ‘लँड पेटंट’. १८१२ मध्ये स्थापन झालेले जनरल लँड ऑफिस या सनदा देई. १८६२च्या होमस्टेड कायद्यानंतर पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसणाऱ्या कुटुंबाला १६० एकरांपर्यंतची सनद राष्ट्राध्यक्षांच्या नावाने मिळू लागली. मुलांनातवंडांनी जपावा असाच तो कागद होता.

१९८०च्या दशकात या कागदाभोवती एक श्रद्धा वाढली. सनदेची प्रमाणित नक्कल काढायची, ‘मी या सनदेचा हक्कदार’ असे घोषणापत्र तिला जोडायचे आणि काउंटीच्या नोंदणी कचेरीत दाखल करायचे. मग म्हणे जमिनीवर कोणाचाच अधिकार उरत नाही. मालमत्ता कर नाही, बांधकामाचे नियम नाहीत, बँकेची जप्तीही नाही. आज ‘सॉव्हरिन सिटिझन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथात ही समजूत अजून टिकून आहे.

ती रुजली त्या काळाकडे पाहिले पाहिजे. महागाई रोखण्यासाठी फेडरल रिझर्व्हने व्याजदर इतके चढवले की १९८०-८१ मध्ये बँकांचा मूळ दर २० टक्क्यांच्या वर गेला. १९८० मध्ये सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर निर्बंध आले. सत्तरच्या दशकात ‘जमीन वाढवा, कर्ज घ्या’ असे ऐकत आलेला शेतकरी कोंडीत सापडला. आयोवात शेतजमिनीचा सरासरी भाव १९८१ मध्ये एकरी २,१४७ डॉलर होता. १९८६ मध्ये तो ७८७ डॉलरवर आला. तारण विकूनही कर्ज फिटेना. अशा घरात कोणी येऊन ‘तुझ्या पणजोबांच्या कागदात तुझी सुटका आहे’ असे सांगितले, तर ऐकणाऱ्याला मूर्ख म्हणायला माझी जीभ धजावत नाही.

सांगणारे मात्र वेगळे होते. १९७०च्या सुमारास उभ्या राहिलेल्या ‘पॉसी कॉमिटाटस’ या चळवळीने काउंटीच्या शेरीफपेक्षा वरची कोणतीही सत्ता मानायला नकार दिला आणि कर्जाचे खापर ज्यू बँकवाल्यांवर फोडले. फेब्रुवारी १९८३ मध्ये नॉर्थ डाकोटातील मेडिना गावाजवळ, कर न भरणारा शेतकरी गॉर्डन काल याला पकडायला गेलेले दोन मार्शल गोळीबारात ठार झाले. जूनमध्ये आर्कान्सात काल मारला गेला, त्याच्यासोबत तिथला शेरीफही. पुढे मोन्टानातील जॉर्डनजवळ ‘फ्रीमेन’ गटाने जप्त झालेल्या रँचवर आपली स्वतंत्र ‘टाउनशिप’ जाहीर केली. १९९६ मध्ये तिथे एफबीआयचा वेढा ८१ दिवस चालला.

या समजुतीत सत्याचा एक कण आहे, म्हणूनच ती इतकी चिवट आहे. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या राज्यांच्या घटनांमध्ये राज्यातली सर्व जमीन सरंजामी बंधनांपासून मुक्त असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. त्याचा रोख जमीनदाराला पिढ्यानपिढ्या द्याव्या लागणाऱ्या खंडावर आणि चाकरीवर होता. त्या तरतुदीने कर उठला नाही.

न्यायालयांनीही हेच सांगितले. १९८५ मध्ये इंडियानातील एका शेतकरी दांपत्याने स्वतःच तयार केलेल्या पेटंटच्या आधारे बँकेची जप्ती अडवू पाहिली; सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते साफ फेटाळले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर पेटंट हा पहिला फेरफार. पुढची खरेदीखते, वाटण्या आणि मालकाने सही करून चढवलेला बँकेचा बोजा त्यामुळे पुसला जात नाही. नोंदणी कचेरीने कागद स्वीकारला म्हणजे त्यातला दावा मान्य झाला, असेही नाही. तरी शिक्का बघून माणसे हुरळत.

मला अधिक अस्वस्थ करते ते दुसरेच. मध्यपश्चिमेतली ही जमीन मूलनिवासी जमातींकडून तहांनी आणि बळजबरीने घेतलेली. तिच्यावरचा सरकारचा हक्क मानला तरच पणजोबांच्या सनदेला अर्थ आहे. ज्यांना त्या सत्तेने खरोखर भूमिहीन केले, ते या दाव्यांत कुठेच नाहीत.

खरी वाट दुसरीकडे निघत होती. १९८६ मध्ये आयोवा आणि मिनेसोटाने जप्तीआधी शेतकरी आणि सावकार यांच्यात मध्यस्थी आवश्यक करणारे कायदे केले. त्याच वर्षी काँग्रेसने दिवाळखोरी कायद्यात ‘चॅप्टर १२’ आणला. शेती चालू ठेवून तीन ते पाच वर्षांच्या योजनेने कर्ज फेडण्याची सोय त्यात झाली, आणि जमिनीच्या घसरलेल्या किमतीपलीकडचा बोजा कमी करून घेता येऊ लागला. पण त्यासाठी मुदतीत वकील गाठावा लागे, बँकेसमोर बसावे लागे. पेटंटच्या शिक्क्यावर विसंबून नोटिसांना उत्तर न देणाऱ्याचे तेच दिवस निघून जात. मुळात ठरावीक मुदतीसाठी आणलेला चॅप्टर १२ पुढे अनेकदा वाढवला गेला आणि २००५ मध्ये कायम झाला.