वाफसा झाला का?

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या तिसरी-चौथीच्या एखाद्या मुलाला विचारून पाहा, "दारे धरणे म्हणजे काय रे?" तो तुम्हालाच हसेल. शेतात दार नसते हे त्याला ठाऊक असते. सरीचे तोंड मातीने बंद करून पाणी पुढच्या सरीत सोडायचे, हे त्याने आजोबांबरोबर पाहिलेले असते. नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात १८८५ च्या सुमारास आले आणि पाट, चारी, सरी, वरंबा, पाळी हे शब्द इथल्या पोरासोरांच्या तोंडी बसले.

त्यांतला माझा आवडता शब्द वाफसा. (कोणी वापसा म्हणतात, भांडू नये.) माझ्या वर्गात केशाकर्षणाची व्याख्या घडाघडा म्हणणारे पुष्कळ असतात, पण वाफसा म्हणजे काय, असे विचारले की ते गोंधळतात. हा शेतीचा शब्द, पदार्थविज्ञानाचा नव्हे, अशी त्यांची समजूत!

आता पाहा. पाणी दिल्यावर मातीच्या कणांमधली सर्व पोकळी पाण्याने भरते व हवा बाहेर पडते. मोठ्या पोकळ्यांतले पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली निघून जाते आणि तेथे पुन्हा हवा शिरते. केसासारख्या बारीक पोकळ्यांतले पाणी मात्र पृष्ठताणामुळे धरून ठेवले जाते. मुळांना ओल हवी तसा प्राणवायूही हवा. दोन्ही मिळतात ती स्थिती म्हणजे वाफसा. काळ्या मातीतील पोकळ्या फार बारीक असल्याने तिला वाफसा उशिरा येतो. वाफशाची वाट न पाहता पाण्यावर पाणी देत गेल्याने याच कालव्याखालच्या कित्येक जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या. शब्द माहीत होता, पण पाळला गेला नाही.

धाकट्या भावंडांना हा शब्द पाठ करायला लावू नका. बुडाला भोके पाडलेले दोन डबे द्या. एकात वाळू, दुसऱ्यात काळी माती भरून सारखेच पाणी ओता. रोज चिमूटभर नव्हे, मूठभर माती घेऊन त्यांना लाडू वळू द्या. वाळूचा लाडू लवकरच वळेनासा होईल. काळ्या मातीचा लाडू वळला आणि खाली टाकताच फुटला, तर त्यांनाच विचारा, "वाफसा झाला का?" हाताला चिकटून राहिला, तर आणखी एक दिवस थांबायला सांगा.